डेटाबेस अडकला? आधी बघा, मग हात लावा

आजचा भाग मी पुण्यातून नाही, घरून रेकॉर्ड करतोय. घर म्हणजे लाखांदूर, जिल्हा भंडारा. मधूनच मागून ट्रॅक्टरचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी हा मजकूर नेहमीप्रमाणे थोडा साफ करून टाकलाय. कमांडची नावं मी मराठीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

बऱ्याच जणांचा मेसेज होता की दादा, डेटाबेस बिघडला की आमची फाफलते, काय करायचं ते एकदा नीट सांग. सांगतो. पण आधी मी स्वतः केलेली एक चूक सांगतो, कारण बाकीचं सगळं मी त्यातूनच शिकलो.

तीन वर्षांपूर्वी होळीला गावी आलो होतो. माझी शाळेतली मैत्रीण इथल्याच एका धान खरेदी करणाऱ्या संस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. तिचा फोन आला. "अरे, एका गावच्या एकतीस शेतकऱ्यांचे पैसे बँकेतून परत आलेत. तू जरा बघतोस का?" मी गेलो. बाहेर ओसरीवर एक काका बसले होते. मला म्हणाले, "काहून जी, धान तर कवाचाच गेला, पैसे काहून नाही आले?"

आता हे पैसे वेळेवर येणं का महत्त्वाचं, ते शहरातल्या मित्रांना सांगतो. सोसायटीचं पीक कर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजात सवलत मिळते. तारीख गेली की सवलत गेली. आणि ते भरायचं कशातून? धानाच्या पैशातून. म्हणजे पैसे आठ दिवस उशिरा आले तर फक्त उशीर होत नाही, खिशातून जास्तीचे पैसे जातात.

मी खुर्चीत बसलो. बीटेक, पुण्यातली नोकरी, सगळं अंगात होतं. मायएसक्यूएल उघडलं, बँक खात्याच्या कॉलमवर ग्रुप बाय मारलं, आणि दिसलं की एकच खाते क्रमांक एकतीस वेळा आलाय. मला वाटलं, सापडलं! एकच एन्ट्री चुकून एकतीस वेळा पडली. एक ठेवायची, बाकीच्या डिलीट. क्वेरी लिहिली, एंटर दाबलं. स्क्रीनवर आलं, तीस रोज अफेक्टेड.

ती मागून ओरडली, "अरे, नावं बघ ना!"

नावं वेगळी होती. एकतीस वेगळे शेतकरी होते. फक्त खाते क्रमांक सारखा होता. मी तीस माणसं उडवली होती. आणि टेबल जोडताना कुणीतरी ऑन डिलीट कॅस्केड लावून ठेवलं होतं, म्हणजे शेतकऱ्याची ओळ गेली की त्याच्या खरेदीच्या नोंदीही आपोआप जातात. त्याही गेल्या.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी मुद्द्याचं.

रिलेशनल डेटाबेस म्हणजे काय, दोन मिनिटांत

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी एक पेपर लिहिला. त्यांची कल्पना साधी होती. माहिती तक्त्यांमध्ये ठेवा आणि तक्ते एकमेकांशी किल्लीने, म्हणजे की-ने, जोडा. शेतकऱ्यांचा एक तक्ता, खरेदीचा दुसरा, पेमेंटचा तिसरा. शेतकऱ्याचं नाव प्रत्येक ठिकाणी लिहायचं नाही, त्याचा क्रमांक लिहायचा. आज मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल, तुमच्या फोनमधल्या ॲपच्या आत बसलेलं एसक्यूलाइट, सगळे याच कल्पनेवर चालतात.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. तक्त्यातली प्रत्येक ओळ ही खऱ्या जगातली कुठलीतरी वस्तू किंवा माणूस असते. आता रोज येणारे प्रॉब्लेम एकेक करून बघू.

एक: कनेक्टच होत नाही

पहिली सवय, एरर पूर्ण वाचा. "डेटाबेस चालत नाही" ही एरर नाही, ती तक्रार आहे. "कनेक्शन रिफ्यूज्ड" असेल तर सर्व्हर बंद आहे, किंवा पोर्ट चुकलंय. "ॲक्सेस डिनाइड" असेल तर सर्व्हर चालू आहे, युजर, पासवर्ड किंवा कुठून लॉगिन करायची परवानगी आहे यात गडबड आहे. आणि "टू मेनी कनेक्शन्स" असेल तर दार उघडं आहे, पण आत जागा नाही.

मायएसक्यूएलमध्ये ही मर्यादा मुळात १५१ असते, पोस्टग्रेसमध्ये १००. लोक काय करतात, आकडा वाढवून हजार करतात. त्याने दुखणं दाबलं जातं, जात नाही. बहुतेक वेळा तुमचा कोड कनेक्शन उघडतो आणि बंद करायला विसरतो. शो प्रोसेसलिस्ट चालवा. शंभर कनेक्शन "स्लीप"मध्ये पडलेली दिसली तर चोर तुमच्याच घरात आहे. कनेक्शन पूल वापरा आणि काम झालं की कनेक्शन परत द्या.

आणि हो, डिस्क भरलीय का ते बघा. ऐकायला बावळट वाटेल, पण लॉग साचून डिस्क भरणं हे डेटाबेस थांबण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. अशा वेळी डेटा फोल्डरमधल्या फाइल हाताने उडवू नका. लॉगसारखं नाव दिसतं म्हणून लोक डिलीट करतात, आणि ती फाइल डेटाबेसचा जीव निघते.

दोन: चालतं, पण गोगलगायीसारखं

तलाठ्याकडे जाऊन तुम्ही गट क्रमांक सांगितलात तर सातबारा लगेच सापडतो. "विहिरीजवळच्या आंब्याचं शेत" म्हणालात तर त्याला सगळं दप्तर चाळावं लागेल. इंडेक्स म्हणजे तो गट क्रमांक.

क्वेरीच्या आधी एक्सप्लेन लिहून चालवा. डेटाबेस ती क्वेरी कशी शोधणार आहे ते सांगतो. मायएसक्यूएलमध्ये टाइपच्या खाली "ऑल" आलं, किंवा पोस्टग्रेसमध्ये "सेक स्कॅन" आलं, तर तो सगळं दप्तर चाळतोय. लहान तक्त्यात चालतं, लाखो ओळींत नाही.

कधी कधी इंडेक्स असूनही वापरला जात नाही. मी सगळ्यात जास्त पाहिलेली तीन कारणं सांगतो. पहिलं, कॉलमवर फंक्शन लावणं. वर्ष काढून त्याची २०२४ शी तुलना करण्यापेक्षा १ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५ च्या आधीपर्यंत असं लिहा. दुसरं, लाइक लिहिताना सुरुवातीलाच टक्का टाकणं. शेवटचं अक्षर माहीत असून डिक्शनरीत शब्द सापडत नाही, तसंच हे. तिसरं फार फसवं आहे. मोबाइल नंबर टेक्स्ट कॉलममध्ये ठेवलाय आणि क्वेरीत तो अवतरणचिन्हाशिवाय, आकडा म्हणून लिहिलाय. मायएसक्यूएल प्रत्येक ओळीचं रूपांतर करत बसतं आणि इंडेक्स कोपऱ्यात पडून राहतो.

पण दिसेल त्या कॉलमला इंडेक्स लावू नका. प्रत्येक नवी नोंद करताना प्रत्येक इंडेक्स अपडेट करावा लागतो.

तीन: लॉक आणि डेडलॉक

आमच्याकडे पांदण रस्त्यावर दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की काय होतं माहितीये ना? दोन्हीकडे बांध्या, दोघेही म्हणतात तू मागे घे. डेडलॉक म्हणजे हेच. एका ट्रान्झॅक्शनने शेतकऱ्याची ओळ धरली आणि पेमेंटची मागतेय, दुसरीने पेमेंटची धरली आणि शेतकऱ्याची मागतेय.

चांगली गोष्ट ही की डेटाबेस स्वतःच एकाला मागे घ्यायला लावतो. मायएसक्यूएलची एरर १२१३ म्हणजे तेच. तिला घाबरू नका, ती ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवा, आणि कोडमध्ये सगळीकडे तक्ते एकाच क्रमाने धरा. आधी शेतकरी, मग पेमेंट. सगळे एकाच दिशेने गेले तर समोरासमोर कुणी येत नाही.

१२०५ वेगळी. ती "लॉक वेट टाइमआउट", म्हणजे पन्नास सेकंद वाट पाहिली आणि कंटाळलो. इथे कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून चहा प्यायला गेलाय. शो इंजिन इनोडीबी स्टेटस चालवा, जुनी उघडी ट्रान्झॅक्शन दिसेल. ती मारण्याआधी कुणाची आहे ते विचारा, पगाराचा हिशोब चालू असेल.

मग लॉक हवेतच कशाला, असं वाटेल. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा सीझन असतो. समजा तिकिटं ऑनलाइन आहेत आणि दोन जणांनी एकाच सेकंदाला पहिल्या रांगेतली तीच खुर्ची निवडली. लॉक नसेल तर दोघांनाही तिकीट मिळेल आणि भांडण मंडपात होईल. लॉक ते भांडण आत, शांतपणे मिटवतो.

चार: मराठी नावं बिघडतात

हा खास आपला प्रॉब्लेम, इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडत नाही. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर कॉलम किंवा कनेक्शनचं कॅरेक्टर सेट देवनागरी घेणारं नाही. सेव्ह होतानाच अक्षरांची प्रश्नचिन्हं झाली असतील तर ती अक्षरं गेली, परत येत नाहीत. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर बाइट्स शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जातायत. ते बहुतेक वेळा सुधारता येतं.

मायएसक्यूएलमध्ये "युटीएफ८" नाही, "युटीएफ८एमबी४" वापरा. त्यातलं जुनं युटीएफ८ एका अक्षराला तीनच बाइट्स देतं. देवनागरी तीन बाइट्सची, म्हणून नाव बसतं. इमोजी चार बाइट्सची, म्हणून फॉर्ममध्ये कुणी हात जोडलेला इमोजी टाकला की एरर येते.

आता गंमत बघा. आमच्याकडे कुऱ्हाडे आडनाव बरंच आहे. त्यातला तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे, बाइट्स वेगळे. पोस्टग्रेसला ही दोन वेगळी आडनावं वाटतात. ऑपरेटर म्हणते "तुमचं नाव यादीत नाही", आणि नाव तर तिथेच आहे. म्हणून सेव्ह करतानाच नाव एका ठरलेल्या रूपात आणा, आणि माणूस नावाने शोधण्यापेक्षा क्रमांकाने शोधा.

पाच: डुप्लिकेट आणि चुकीचा डेटा

आता माझ्या चुकीकडे येतो. एकतीस शेतकऱ्यांना एकच खाते क्रमांक कसा लागला?

एक्सेलमुळे. एक्सेल अकरापेक्षा जास्त आकड्यांची संख्या आपोआप छोटी करून दाखवतं, तीन पॉइंट चार दोन, ई प्लस चौदा, अशी. तीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच सेव्ह होतं. पुढचे थोडे आकडे राहतात, मागचे सगळे शून्य. एकाच शाखेच्या खात्यांचे पुढचे आकडे सारखेच असतात. म्हणून एका गावच्या, एका शाखेच्या सगळ्या शेतकऱ्यांचा खाते क्रमांक एकच झाला. बँकेत असं खातंच नव्हतं, पैसे परत आले. सुरुवातीला शून्य असलेल्या खात्यांचंही असंच होतं, शून्य गळून पडतो.

उपाय सोपा आहे. ज्याची बेरीज करायची नसते तो आकडा नाही, ते टेक्स्ट आहे. खाते क्रमांक, आधार, मोबाइल, पिनकोड, सगळं टेक्स्ट.

आणि डेटाबेसला नियम सांगा. डेटाबेस आपल्या मनातलं ओळखत नाही. आधार दोनदा येऊ नये असं वाटतं तर युनिक लावा. खाते क्रमांकात फक्त आकडे हवेत तर चेक लावा. पण मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधीची असेल तर ती चेक वाचते आणि गुपचूप सोडून देते, म्हणून व्हर्जन बघा. नियम लावण्याआधी खरं आयुष्य कसं आहे तेही बघा. खाते क्रमांकावर सरळ युनिक लावलं तर नवरा-बायकोचं जॉइंट खातं अडकेल. तिथे अडवू नका, "एकदा तपासा" अशी यादी काढा.

हे फक्त माझ्या गावचं नाही. जून २०१७ मध्ये महाराष्ट्रात कर्जमाफी जाहीर झाली, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, दीड लाख रुपयांपर्यंत. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले, बँकांनी आपल्या याद्या दिल्या, आणि दोन्हींची जुळणी करायची होती. आपल्या भाषेत, एक मोठा जॉइन. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली गेली, आणि त्यानंतर याद्या अडकल्या. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दिसत होते, खाते क्रमांकांचाही घोळ होता. ज्याची माहिती जुळेल त्याचं नाव "ग्रीन लिस्ट"मध्ये. बाकीचे बँकेच्या चकरा मारत राहिले. त्यांना कुणी सांगणार नव्हतं की काका, तुमचा जॉइन फेल झालाय.

त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. या वेळी पद्धत बदलली. शेतकऱ्याने अर्ज भरायचा नव्हता. बँकांच्या माहितीवरून याद्या लागल्या, यादीत प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक दिला, आणि शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधार प्रमाणीकरण करायचं, रक्कम बरोबर आहे की नाही तेही सांगायचं. इंजिनिअरच्या नजरेने बघा. विशिष्ट क्रमांक म्हणजे प्रायमरी की. आणि प्रमाणीकरण म्हणजे पैसे जाण्याआधी त्या ओळीला विचारणं की बाबा, तू खरंच तोच आहेस ना? पहिल्या वेळी मशीनने मशीनशी जुळवलं, दुसऱ्या वेळी मध्ये माणसाला विचारलं. आम्ही सगळे कोडवाले इथेच कमी पडतो.

सहा: हात लावण्याआधीचे चार नियम

पहिला, डिलीट किंवा अपडेट लिहिण्याआधी त्याच अटीने सिलेक्ट चालवा. किती ओळी आल्या ते मोजा, आणि त्यातल्या दहा डोळ्यांनी वाचा. मी मोजल्या होत्या, वाचल्या नव्हत्या.

दुसरा, स्टार्ट ट्रान्झॅक्शन लिहून सुरू करा. आकडा चुकीचा वाटला तर रोलबॅक. मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट मुळातच चालू असतं, म्हणजे एंटर दाबलं की दगडावरची रेघ. ड्रॉप आणि ट्रंकेटला तर तिथे रोलबॅक लागूच होत नाही.

तिसरा, मायएसक्यूएलच्या क्लायंटला सेफ अपडेट्स नावाचा पर्याय आहे. की-वर अट किंवा लिमिट नसलेलं अपडेट किंवा डिलीट तो चालूच देत नाही. बनवणाऱ्यांनी त्याला दुसरं नाव दिलंय, "आय ॲम अ डमी". मी तो कायम चालू ठेवतो, लाज वाटत नाही.

चौथा, बॅकअप परत चढवून बघा. नुसता घेतलाय म्हणून झोपू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर उडवलं. सुमारे ३०० जीबी डेटा होता. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, कामाच्या वेळी एकही धड चालली नाही. कुणीतरी सहा तास आधी हाताने घेतलेली एक कॉपी होती म्हणून वाचले, मधले सहा तास गेले. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, लोकांसमोर मांडलं. म्हणून आज आपण त्यातून शिकतोय.

आमच्या संस्थेतही बॅकअप होता. रोज रात्री फाइल बनत होती. उघडून बघितली तर शून्य केबी. आठ महिन्यांपूर्वी पासवर्ड बदलला होता, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जुनाच होता. बायनरी लॉग चालू असता तर त्यातून काही परत आणता आलं असतं, तोही बंद होता.

मग वाचवलं कुणी? माझ्या मैत्रिणीच्या फाइलने. तिने प्रत्येकाच्या पासबुकची झेरॉक्स आणि वजनाची पावती गावानुसार लावून ठेवली होती. चार दिवस आम्ही दोघं बसून टाइप करत होतो. ती वाचायची, मी टाकायचो, मग उलट. अठ्ठावीस शेतकऱ्यांचे पैसे ३१ मार्चच्या आत जमा झाले. तिघांचे एप्रिलमध्ये आले. ओसरीवरचे ते काका त्या तिघांतले एक.

मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं, की उशीर माझ्यामुळे झाला. सगळं त्यांना कळलं असेल असं नाही. ते एवढंच म्हणाले, "मंग आता तरी बराबर लिवलं का जी?" मी म्हटलं, हो. त्या दिवसापासून संस्थेत खाते क्रमांक टेक्स्ट आहे, कॅस्केड काढून टाकलंय, आणि महिन्यातून एकदा मैत्रीण बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवून बघते. झेरॉक्सची फाइल ती अजूनही ठेवते. मी तिला आता "सगळं डिजिटल कर" असं सांगत नाही.

तर मित्रांनो, तुमचा डेटाबेस अडकला की एरर पूर्ण वाचा, काल आणि आज यात काय बदललं ते विचारा, आणि डिलीटच्या आधी नावं वाचा. तुमच्याकडून कधी असं काही झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात नाव न घेता ऐकवू. चला, भेटू. बाहेर ट्रॅक्टर थांबलाय, बाबा हाक मारतायत.